सातबाऱ्यावर बहिणीचं नाव

 

इतिहासाच्या या भागात आपण नेहमी राजे, किल्ले, लढाया यांच्याबद्दल बोलतो. आज इतिहास सांगायचा आहे तो एका कागदाचा. तो तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी कुठल्यातरी फाईलमध्ये असेल, नाहीतर गावी भावाकडे असेल. तो कागद म्हणजे सातबारा.

सुट्टी जवळ आली की गावाहून फोन येतो. "ताई, येशील तेव्हा एक दिवस तालुक्याला जाऊन येऊ, एक सही हवी आहे." यंदा येणं जमणार नसेल, तर निरोप असतो की तिकडूनच मुखत्यारपत्र करून पाठव. मग अर्ध्या दिवसाची रजा काढायची, आपल्या बर दुबईतल्या भारतीय कॉन्सुलेटकडून कागद साक्षांकित करून घ्यायचा आणि कुरियरने पाठवून द्यायचा. सही कशावर केली, असं कुणी विचारलं तर उत्तर येतं, "काही नाही, गावच्या जमिनीचं काहीतरी." पुष्कळदा ते 'काहीतरी' म्हणजे हक्कसोडपत्र असतं. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडून दिल्याचा कागद.

खेड्यात बायकांना कमी का लेखतात, असा प्रश्न निघाला की आपण पटकन म्हणतो, मानसिकता, अडाणीपणा, जुन्या रूढी. हे उत्तर सोयीचं आहे, कारण त्यातून आपण शिकलेली, परदेशात राहणारी माणसं अलगद बाहेर निसटतो. पण मानसिकता काही आभाळातून पडत नाही. ती कुठल्यातरी व्यवस्थेत तयार होते आणि त्या व्यवस्थेचे पुरावे कागदावर असतात. तेच आज तपासू या.

सुरुवात शेतातूनच करू. एस्टर बोसरुप नावाच्या डॅनिश अर्थतज्ज्ञ बाईंनी 1970 मध्ये शेती आणि स्त्रिया यांवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की जिथे कुदळीने शेती होते तिथे बाई शेताची धनीण असते, आणि जिथे नांगर येतो तिथे शेताची सूत्रं पुरुषाकडे जातात. नांगर ओढणारे बैल आणि तो दाबून धरणारा पुरुष हे शेतीचं मुख्य काम ठरतं, बाकी सारं 'हाताखालचं'. आपल्याकडचं चित्र डोळ्यांसमोर आणा. कोकणात भाताची लावणी वाकून कोण करतं? घाटावर खुरपणी आणि कापूसवेचणी कोण करतं? हंगामातले सगळ्यात जास्त दिवस बायकाच शेतात असतात. तरी नांगराला बाईने हात लावू नये असा समज अनेक गावांत होता आणि शेतकरी म्हटलं की डोळ्यांसमोर नांगर धरलेला पुरुषच येतो. काम तिचं आणि ओळख त्याची, ही फारकत इथून सुरू होते.

दुसरी गोष्ट लग्नाची. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते. इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नातेसंबंधांचा नकाशाच मांडला. उत्तरेत मुलगी अनोळखी घरात, लांबच्या गावी द्यायची रीत. दक्षिणेत नात्यातच लग्न. आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये. आपल्याकडे अनेक समाजांत मामाची मुलगी करायची पद्धत होती, त्यामुळे सासर अगदीच परकं नसायचं. तरी जमिनीच्या हिशेबात नियम एकच: लेक दुसऱ्या घरची. तिला जमीन दिली तर ती जावयाच्या घरात जाईल, ही भीती. म्हणून जमिनीऐवजी दागिना, भांडीकुंडी आणि वर्षाची भाऊबीज. दागिना मोडता येतो, जमीन मात्र पीक देत राहते. फरक तिथेच आहे.

पण थांबा. आपल्या इतिहासात बाईच्या नावे उत्पन्न नव्हतंच, असं समजू नका. मराठेशाहीत राजघराण्यांतल्या आणि सरदारांच्या स्त्रियांना 'चोळीबांगडी'साठी गावं तोडून दिलेली आढळतात. सगळ्यात ठळक उदाहरण होळकरांचं. 1734 मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्यासाठी खासगीची जहागीर वेगळी काढली गेली. दौलतीचा खजिना निराळा, खासगीचा निराळा. पुढे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली, आणि काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी जे घाट, मंदिरं, धर्मशाळा बांधल्या त्यांच्यामागे ही स्वतःच्या हातातली खासगी होती. अहिल्याबाई थोर होत्याच. पण त्यांचं थोरपण दगडात उभं राहिलं, कारण त्यांच्या नावे उत्पन्न होतं.

मात्र ही झाली वाड्यातली गोष्ट. गावातल्या कुणब्याच्या घरी काय होतं? तिथे आपल्याला इंग्रजांच्या महसूल कचेरीत जावं लागतं.

1818 मध्ये पेशवाई गेली. पुढे 1830 च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नवी जमीन मोजणी सुरू केली. हीच मुंबई इलाख्याची रयतवारी पद्धत. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, त्यावर ठरावीक आकार आणि सारा भरायला एक जबाबदार माणूस, म्हणजे खातेदार. सरकारला हवा होता तो सारा. कसतं कोण, खुरपतं कोण, बियाणं कोण राखून ठेवतं, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. नोंदीत घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव लागलं. आतापर्यंत घरातला जो मान होता, तो आता सरकारी दप्तरातला हक्क झाला. 1903 मध्ये हक्कनोंदणीचा कायदा आला आणि त्यातूनच आजच्या गाव नमुना सात आणि गाव नमुना बाराची परंपरा आली. नाव एकदा दप्तरात चढलं की ते बापाकडून मुलाकडे आपोआप उतरायचं.

यातलं एक पान फारसं कुणाला माहीत नसतं. पाटीलकी-कुलकर्णीसारख्या वतनांच्या जमिनींसाठी 1874 मध्ये कायदा झाला. त्यात 1886 च्या पाचव्या कायद्याने भर घातली. शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली, तर घराण्यातल्या बाकी सगळ्या स्त्रियांचा नंबर पात्र पुरुष वारसांच्या मागे. मुलगी असली, तरी लांबचा चुलतभाऊ तिच्या पुढे! गंमत म्हणजे त्याच काळात मुंबई इलाख्यातल्या हिंदू कायद्याची परंपरा मुलींच्या बाबतीत इतर प्रांतांपेक्षा उदार समजली जात होती. आपल्याकडे बापाच्या मागे मुलगा किंवा विधवा नसेल, तर मुलीला पूर्ण मालकीने वारसा मिळे. इतर बहुतेक प्रांतांत तो तिच्या हयातीपुरताच असे. म्हणजे शास्त्राने जे थोडंफार दिलं होतं, ते वतनाच्या जमिनीपुरतं सरकारने कायदा करून मागे ढकललं. 'ही आपली जुनी रूढी' असं आपण ज्याला म्हणतो, त्यातलं काही इतकं ताजं आणि सरकारी शिक्क्याचं असतं.

विधवेची कथा तर वेगळीच. 1856 च्या कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण त्याच कायद्यात अट होती की दुसरं लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाईल. 1937 मध्ये मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा मिळाला, पण तोही हयातीपुरता. शिवाय शेतजमीन हा प्रांतांचा विषय असल्याने हा कायदा तिला लागू नाही, असं 1941 मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं. ज्या घरात शेतीशिवाय मिळकतच नाही, त्या घरातल्या विधवेला मग वाटा तो कशात मिळणार?

हे फक्त हिंदूंचं होतं असंही नाही. रत्नागिरी-रायगडातून आखातात आलेली आपली कितीतरी मुस्लिम कुटुंबं हा कार्यक्रम ऐकतात. 1937 च्याच शरियत कायद्याने मुलीचा वारसाहक्क मान्य केला, पण त्यातूनही शेतजमीन वगळली होती. आणि गोव्यात? तिथे 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेमुळे मुलगा-मुलगी समान वारस आणि नवरा-बायकोची मिळकत सामाईक. पण गावाची सामूहिक जमीन सांभाळणाऱ्या गावकरीचं, म्हणजे कोमुनिदादचं सदस्यत्व पुरुषाच्याच वंशातून चालत आलं. धर्म वेगळे, कायदे वेगळे, राज्यकर्तेही वेगळे. गावच्या जमिनीच्या दाराशी मात्र प्रत्येकाने बाईला थांबवलं.

मग आलं स्वातंत्र्य. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मुलीच्या वाट्याचा आग्रह धरला. बिल रखडलं आणि सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागच्या मोठ्या कारणांत हे बिल होतं. अखेर 17 जून 1956 ला हिंदू वारसा कायदा लागू झाला. त्याने स्त्रीची मालकी पूर्ण मालकी ठरवली, ही फार मोठी गोष्ट. पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क फक्त मुलग्यांनाच राहिला.

याचा हिशेब करून बघू. दहा एकर वडिलोपार्जित जमीन, घरात वडील, एक मुलगा, एक मुलगी. आई आधीच गेली असं धरा. वडील वारले. 1956 च्या कायद्याने आधी बाप आणि मुलगा यांचे पाच-पाच एकर धरायचे. मग बापाचे पाच एकर दोघा भावंडांत अर्धे अर्धे. मुलाला झाले साडेसात, मुलीला अडीच. राहत्या घरात तर भावांनी ठरवल्याशिवाय तिला वाटणीही मागता येत नव्हती. समान हक्काचा कायदा म्हणून आपण ज्याचं कौतुक ऐकत आलो, त्याचं गणित हे असं होतं.

लगोलग कूळकायद्यातली कुळांना मालकी देणारी तरतूद अमलात आली. 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन. कसेल त्याची जमीन! लाखो कुळं मालक झाली. महाराष्ट्राच्या इतिहासातलं ते सोनेरी पान आहे. पण कसेल 'त्याची', कसेल 'तिची' नव्हे. खंडाच्या पावत्या पुरुषाच्या नावे होत्या, म्हणून जमीनही त्याच्याच नावे झाली. शेजारच्या सरीत तितकेच तास वाकलेली त्याची बायको दप्तरात कुठेच आली नाही.

हे मोठ्या आवाजात बोललं गेलं ते नोव्हेंबर 1986 मध्ये, नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन होतं आणि लाखांच्या संख्येने शेतकरी बायका जमल्या होत्या. त्या मंथनातून पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम निघाली. कल्पना साधी होती. शेतकरी म्हणतो, शेतमालाला भाव न देऊन सरकार मला लुटतं. मग घरातली लक्ष्मी जन्मभर बिनमजुरीने राबते, तिचं देणं कोण देणार? म्हणून ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करतील, त्या गावाचा सन्मान. शेकडो गावांत हे घडलं. 1992 मध्ये सरकारने परिपत्रक काढून नवऱ्याच्या संमतीने बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावायची सोय केली. ती वापरली किती जणांनी, हे आपापल्या घरचा उतारा पाहून ज्याने त्याने ठरवावं.

कायदाही पुढे सरकला. 1994 मध्ये महाराष्ट्राने महिला धोरण आणलं आणि त्याच वर्षी मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. मात्र आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या. 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राच्या दुरुस्तीने ही अट गेली, राहत्या घराची आडकाठीही गेली. आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की 2005 मध्ये वडील हयात होते की नव्हते याला महत्त्व नाही; मुलीचा हक्क जन्माने आहे. आता दहा एकरांचा हिशेब पाच-पाच असा होतो.

हिशेब सुटला, तर मग उताऱ्यावर बहीण का नाही? देशाच्या 2015-16 च्या कृषिगणनेत शेती धारण करणाऱ्यांत बायका होत्या सुमारे 14 टक्के. शेतात मोठ्या संख्येने, कागदावर चौदा टक्के!

त्याचं उत्तर कागदाच्या बारीक अक्षरात आहे. अनेक जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं असतं. एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या तीन अक्षरांच्या पोटात धाकटे भाऊ, बहिणी, आई सगळे गडप असतात. आणि बहिणींची नावं कुठे चढलीच, तर पुष्कळदा ती मालकाच्या रकान्यात नसतात, 'इतर हक्क' या रकान्यात असतात. जिथे सोसायटीचा बोजा आणि विहिरीच्या पाण्याची पाळी लिहितात, तिथे बहीण.

दुसरं उत्तर कागदाबाहेर आहे, ते माहेर. सासरी काही बिनसलं तर पाठ टेकायला जागा माहेरची. बाळंतपणाला, सणावाराला, मुलांच्या सुट्टीला माहेर. वाटा मागितला तर हे दार बंद होईल, ही भीती खोटी नाही. म्हणजे बहीण जी सही करते तिची एक किंमत ठरलेली असते: जमीन सोड, माहेर राहील. भावाला हा सौदा कधीच करावा लागत नाही. त्याला जमीन आणि घर दोन्ही मिळतं. अनेक वर्षं हक्कसोडपत्राला 200 रुपयांचा मुद्रांक पुरत होता. इतका स्वस्त व्यवहार गावात दुसरा क्वचितच झाला असेल.

नाव नसल्याने पुढे काय होतं? पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही, अनुदानाचा अर्ज नाही. नवऱ्याने जीव दिला आणि जमीन सासऱ्याच्या नावे असेल, तर मागे राहिलेल्या बाईला आपण शेतकरी आहोत हे सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते. जमीन नसलेल्यांकडे तरी वेगळं काय? बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात. दोघांची उचल एकत्र, मुकादमाचा व्यवहार नवऱ्याशी. तिच्या मजुरीलाही तिचं नाव नाही. आणि 2011 च्या जनगणनेत याच बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या फक्त 807. जिच्या नावे काही लागत नाही, ती घराला खर्च वाटते. खर्च वाटते म्हणून ती नकोशी होते. रूढी, हुंडा, गर्भलिंगनिदान ही वेगवेगळी दुखणी वाटतात, पण त्यांच्या मुळाशी हा मालकीचा प्रश्न आहे.

भावांची बाजूही ऐकायला हवी. गावी राहून जमीन कसणारा, आईवडिलांचं आजारपण काढणारा भाऊ म्हणतो, "ताई दुबईत सुखात आहे, तिला अडीच एकर कशाला?" त्याचे कष्ट खरे आहेत. पण दुबईत नोकरी करणाऱ्या भावाला हाच प्रश्न कुणी विचारत नाही. त्याचं नाव उताऱ्यावर न मागता लागतं. कष्टाचा मोबदला द्यायचा असेल तर तो कष्ट बघून द्यावा. जो कसतो त्याने पीक घ्यावं, आणि नाव सगळ्यांचं असावं, हेही ठरवता येतं की!

तर मंडळी, या सुट्टीआधी तीन गोष्टी करा. महाराष्ट्राचे सातबारे महाभूलेखवर इथे बसूनही दिसतात, ते बघा. आईचं, बहिणीचं, बायकोचं नाव आहे का आणि कोणत्या रकान्यात आहे ते बघा. दुसरी गोष्ट, परदेशात राहतो म्हणून वारसा जातो, हा गैरसमज काढून टाका. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेण्यावर बंधन आहे, वारशाने मिळण्यावर नाही. तिसरी गोष्ट, मुखत्यारपत्रावर सही करण्याआधी ते पूर्ण वाचा, कोणता अधिकार देतोय ते समजून घ्या आणि गरज वाटली तर गावच्या वकिलाला विचारा. वाटा सोडायचाच असेल तर जरूर सोडा, तो तुमचा हक्क आहे. पण तो सोडताना तो आपला होता, हे ठाऊक असू द्या.

आणि भाऊराया, तू ऐकत असशील तर बहिणीने मागायची वाट बघू नकोस. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावणं सक्तीचं झालं आहे. सरकारने आईला मुलाच्या नावात जागा दिली. जमिनीच्या उताऱ्यावरची जागा देणं अजून तुझ्या हातात आहे. फेरफारासाठी तलाठ्याकडे जाशील, तेव्हा वारसांची यादी पूर्ण लिही.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरच्या उताऱ्यावर काय सापडलं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.